मोठ्या आईची साक्ष

कराडच्या खाली कृष्णेच्या काठाला एक गाव होतं. गावात दोन भाऊ होते. बाप होता तोवर घर एक, चूल एक आणि नदीकडेचं तीन एकर मळीचं रान एक. थोरला रानात राबायचा. धाकट्याचं मन शेतात रमेना. त्या काळी सातारा-सांगलीकडच्या घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत असायचा. धाकटाही गेला. लालबागच्या चाळीत गाववाल्यांच्या खोलीत त्यानं वळकटी टाकली, साच्यावर लागला आणि दर महिन्याला घरी मनीऑर्डर करू लागला.

बाप वारला. तलाठ्यानं वारसाची नोंद धरली. मुंबईचा भाऊ रजा टाकून चावडीवर आला नाही आणि त्यानं यावं असं कुणाला वाटलंही नाही. जमीन थोरल्याच्या नावावर चढली. नावाच्या मागं तीन अक्षरं पडली, ए. कु. क. म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता. नाव एकाचं, जमीन सगळ्यांची. गावोगाव तशीच रीत होती, आणि नोंद करणाऱ्याच्या मनात कसलं काळंबेरं नव्हतं.

मळीच्या रानात विहीर पाडायची ठरली, तेव्हा धाकट्यानं बोनसचे पैसे पाठवले. विहिरीला पाणी लागलं. ऊस उभा राहिला. पुढं थोरल्यानं सोसायटीचं कर्ज काढलं, बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि गावाच्या वरच्या अंगाला दोन एकर माळ विकत घेतला. खरेदीखत त्याच्या एकट्याच्या नावानं झालं.

1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांवर कामगार बाहेर पडले. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणता म्हणता वर्ष गेलं. धाकटा बायको-लेकीला घेऊन गावी परत आला. थोरल्यानं काही विचारलं नाही. दोघं भाऊ एकाच बांधावर बसून भाकरी खाऊ लागले. पण धाकट्याची छाती गिरणीतच पोखरली होती. चार पावसाळे काढून तो गेला. त्याची बायकोही फार दिवस राहिली नाही.

पुतणीचं लग्न थोरल्यानं लावलं. तासगावच्या अंगाला, द्राक्षबाग असलेल्या घरी तिला दिली. आपल्या लेकीच्या अंगावर घातलं होतं त्याहून अर्धा तोळा जास्तच घातलं. हे सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात कुणी वाईट नव्हतं. जमिनीच्या भांडणात बहुतेक वेळा नसतंच.

मग थोरलाही गेला आणि जमीन त्याच्या मुलाच्या नावावर आली. मधल्या काळात सातबाऱ्याचं पुनर्लेखन झालं होतं. जुन्या वहीवरून नव्या वहीत उतरवताना कुणाच्या तरी हातून ती तीन अक्षरं गळाली. पुढं सातबारा संगणकावर गेला तो त्या नव्या वहीवरूनच.

एका साली तासगावकडं अवकाळी पाऊस झाला आणि घडांनी भरलेली बाग हातची गेली. बँकेचे हप्ते थकले. पुतणी भाऊबिजेला माहेरी आली. ओवाळून झाल्यावर ती म्हणाली,

"दादा, मळीच्या रानात माझ्या बापाचा निम्मा वाटा हाय. तेवढा माझ्या नावावर कर."

भावानं खिशातून मोबाईल काढला आणि सातबारा तिच्यापुढं धरला.

"ह्यात तुझ्या बापाचं नाव दाव. दावलंस, तर आजच्या आज सोडतो."

नाव नव्हतं. ती बराच वेळ त्या पडद्याकडं बघत राहिली. मग पिशवी उचलून एस.टी. धरायला निघाली. मोठी आई, म्हणजे तिची थोरली चुलती, दारात उभी होती. ती काही बोलली नाही.

कराडला एक म्हातारे वकील होते. पुतणी त्यांच्याकडं गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी तिची भीती घालवली.

"सातबारा म्हणजे मालकीचा दाखला नव्हे, बाई. शेतसारा कुणाकडून घ्यायचा ते कळावं म्हणून सरकारनं ठेवलेली ती नोंद आहे. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरायची, एवढंच कायदा म्हणतो. उलट सिद्ध करायचं काम आता आपलं."

"पण मी पडले लेक. कुणी म्हणतं 2005 नंतर लेकींना हक्क मिळाला, कुणी म्हणतं त्याच्या आधी मेलेल्या बापाचा मिळत न्हाई."

"तुला तिथवर जायलाच नको. तुझ्या वडलांना मुलगा नव्हता. त्यांचा जो हिस्सा होता तो 1956 च्या वारसा कायद्यानंच तुझ्या आईला आणि तुला आला. मुद्दा एकच आहे. ते गेले तेव्हा त्यांचा हिस्सा होता का?"

मग कागद गोळा करायचं काम सुरू झालं. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज, त्याला कोर्ट फीचं तिकीट, आठ दिवसांनी या, साहेब मोजणीला गेलेत, पुढच्या सोमवारी या. तासगावहून कराडला येऊन एका नकलेसाठी हात हलवत परत जाणं काय असतं, हे गेलेल्यालाच ठाऊक. पण शेवटी जुना फेरफार सापडला. पिवळा पडलेला, कडा झिजलेला, आणि थोरल्याच्या नावामागं शाईनं लिहिलेली ती तीन अक्षरं त्यात स्पष्ट होती. भूमी अभिलेखकडून गटवारीचे उतारे आले. त्यावरून आजोबांचा जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर एकच जमिनीचे, हे जुळलं. गावच्या पोलीस पाटलानं वंशावळीवर सही केली.

कागद असे एकामागून एक लागत गेले. दावा दाखल झाला. वकिलांनी त्यात माळाचे दोन एकरही घातले.

"माळ कशाला? तो तर काकांनी घेतला," पुतणी म्हणाली.

"एकत्र कुटुंबाची पिकाऊ जमीन हातात असताना कर्त्यानं घेतलेली जमीन एकत्रातलीच धरतात. माझ्या एकट्याच्या कमाईची आहे, हे त्यानं दाखवायचं. दावा भरताना हात आखडता घेऊ नये," वकील म्हणाले. ती गप्प बसली.

समोरून उत्तर आलं. भावानं लिहून दिलं, की आजोबांच्या मागं दोघा भावांत तोंडी वाटप झालं होतं. धाकट्यानं मुंबईची खोली घेतली आणि गावच्या जमिनीवरचा हक्क सोडला. हे तो खोटं लिहीत नव्हता. बापाच्या तोंडून, कधी रागाच्या भरात, त्यानं तसं काहीतरी ऐकलेलं होतं, आणि ऐकलेलं पुष्कळ वर्षं मनात राहिलं की पाहिल्यासारखं वाटू लागतं.

तोंडी वाटप शाबीत करणं अवघड, आणि झालंच नव्हतं हे दाखवणं त्याहून अवघड. पंच म्हणावेत अशी माणसं वारली होती. दोन्हीकडून साक्षीदार आले. तिच्या बाजूचे तिच्या बाजूनं बोलले, त्याच्या बाजूचे त्याच्या. तारखा पडत गेल्या. गावात तिच्याशी बोलणारी घरं कमी झाली. भाऊबीज बंद झाली.

एका तारखेला दुपारी कोर्ट उठलं. कँटीनमध्ये चहा घेताना पुतणी म्हणाली, "साहेब, गाव सगळा त्याचा. माझ्यासाठी खरं कोण बोलणार?"

म्हातारे वकील थोडे थांबले. मग त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली.

"आपल्या कराडच्या वर मसूर आहे. तिथली ही जुनी हकीकत. विजापुरात दुसरा इब्राहीम आदिलशाह गादीवर होता. म्हणजे 1580 ते 1627 मधली गोष्ट. मसुरात पाटीलकीच्या वतनाचा तंटा पडला. पाटीलकी म्हणजे नुसता शिमग्याचा मान नव्हे. इनाम जमीन आली, हक्काचं उत्पन्न आलं, पिढ्यान् पिढ्या चालणारी वडिलोपार्जित मिळकतच ती. एका बाजूला नरसोजी जगदाळे. दुसऱ्या बाजूला बापाजी मुसलमान. दोघंही म्हणत, वतन माझं."

"मग?"

"तेव्हा असे तंटे गोतसभेपुढं जात. गावोगावचे पाटील, कुणबी, बलुतेदार एकत्र बसायचे. दोन्हीकडचे कागद आणि साक्षी बघायचे. काहीच उलगडेना तर कृष्णेच्या पाण्यात उभं करून साक्ष घ्यायचे. निकालाचा महजर लिहायचे. ज्याला लिहिता येत नसे तो धंद्याच्या हत्याराची निशाणी करायचा. कुणबी असला तर नांगर काढायचा. तर मसूरच्या सभेनं निकाल दिला जगदाळ्यांच्या बाजूनं. बापाजी हरला. त्याला वाटलं, इथली मंडळी माझी नव्हेत. तो थेट बादशहाकडं गेला."

"बादशाह त्याच्याच धर्माचा," पुतणी म्हणाली. "म्हणजे निकाल फिरला."

"मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा असंच वाटलं होतं. पण बापाजीनं विजापुरात काय मागितलं ठाऊक आहे? तुम्ही निकाल द्या असं तो म्हणाला नाही. काझीकडं पाठवा असंही म्हणाला नाही. तो म्हणाला, माझा तंटा पैठणला पाठवा. पैठण म्हणजे गोदावरीकाठचं हिंदूंचं क्षेत्र, शास्त्री-पंडितांचं गाव, समोरच्याच्या धर्माचं ठिकाण. बादशहानं ते मान्य केलं. दोन्ही पक्ष नीरा, भीमा ओलांडून पैठणला गेले. तिथल्या सभेनं पुन्हा सगळं पाहिलं."

"आणि?"

"तिथंही बापाजी हरला."

पुतणीनं कप खाली ठेवला.

"हरला, आणि त्यानं पुन्हा तक्रार केली नाही," वकील म्हणाले. "पाटीलकीचं वतन आता राहिलेलं नाही, 1963 च्या पहिल्या तारखेपासून कायद्यानं ते संपलं. पण एवढ्या वर्षांच्या वकिलीत मला बापाजीसारखा पक्षकार काही भेटला नाही. बरं चल, तीन वाजले."

त्या संध्याकाळी तासगावच्या गाडीत ती खिडकीशी बसून होती. विटा येईपर्यंत तिच्या मनात एक गोष्ट ठरली होती.

पुढच्या तारखेला ती वकिलांना म्हणाली, "मोठ्या आईला विचारा. ती सांगेल ते मला कबूल."

वकील चमकले. "कोण, त्याची आई? ती त्याच्या घरात राहते. त्याच्या हातचं खाते. विरुद्ध पक्षाची सख्खी आई आपण होऊन कुणी पिंजऱ्यात बोलावतं का?"

"तुम्हीच सांगितलंत न्हवं, बापाजी पैठणला गेला म्हणून."

वकिलांनी डोक्याला हात लावला. मग त्यांनी तिला समजावलं. तेव्हा लागू असलेल्या 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात कलम 20 होतं. एखाद्या पक्षकारानं म्हटलं, की अमक्याला विचारा, त्याला माहीत आहे, तर तो अमका जे बोलेल ते त्या पक्षकाराचीच कबुली म्हणून धरलं जातं. चुलती उद्या म्हणाली, वाटप झालं होतं, तर ते पुतणीच्याच तोंडचं धरलं जाईल. मग जुना फेरफार काय आणि वंशावळ काय, सगळं दुबळं पडेल.

"पडू द्या," ती म्हणाली. "पण दादाला बी विचारा. त्याला चालतंय का."

भावाला विचारलं. आईला नाही म्हणायचं कसं? त्याच्या वकिलानं दंडाला धरून त्याला बाजूला नेलं, कानात पुष्कळ सांगितलं. पण तो परत आला आणि म्हणाला, "आई सांगंल ते मलाबी कबूल." दोघांनी तसं लिहून दिलं. न्यायाधीशांनी दोघांना दोनदा विचारलं, समजून सही करताय ना. दोघंही हो म्हणाले.

मोठी आई कोर्टात आली तेव्हा तिला नातवानं हात धरून आणलं होतं. पंचाऐंशीच्या पुढची बाई. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. खुर्ची दिली तरी बसेना. खरं सांगेन म्हणून शपथ झाली. त्याच्या वकिलानं पहिला प्रश्न केला.

"तुमच्या मालकांत आणि दिरांत वाटणी झाली होती ना, आजी?"

"वाटणी व्हायची तर पंच बसत्यात," म्हातारी म्हणाली. "चिठ्ठ्या टाकत्यात. मधी बांध घालत्यात. आमच्यात कोण बसलं हुतं? बांध कुठं हाय, ते दावा मला."

"दिरांनी मुंबईची खोली घेतली होती."

"खोली गाववाल्यांची. माझ्या दिराची तिथं वळकटीपुरती जागा. त्याच्या मनीऑर्डरीवर हीर पाडली आम्ही. पोस्टमन पैसं माझ्याच हातात द्यायचा."

कोर्टात कुणी हललं नाही. भाऊ खाली बघत होता. म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती पुतणीच्या वकिलांकडं वळली.

"आता तुमी इचारा."

पुतणीच्या वकिलांना आणखी काही विचारायचं नव्हतं. हवं ते सगळं मिळालं होतं, आणि असं झालं की वकील खाली बसतो. ते बसले. पण म्हातारी पिंजऱ्यातून उतरेना.

"माळाचं कुणी इचारलं न्हाई. माळ माझ्या पाटल्यांचा हाय. चार तोळ्याच्या पाटल्या मोडल्या, कर्ज मालकांनी फेडलं, मी रोजगारानं गेले. त्यात हिचं काय न्हाई. मळीत निम्मं हिचं, माळात न्हाई. झालं."

आणि ती उतरली.

व्हरांड्यात वकील पुतणीला हळूच म्हणाले, "हे बघ, पाटल्यांची पावती नाही, सराफ कोण ते माहीत नाही. मळीच्या उसाचा पैसा त्यात नव्हता असं कोण म्हणेल? दोन एकरांतला निम्मा सोडायचं काही कारण नाही. खाली नाही तर अपिलात मिळेल."

"मी कबूल म्हणले हुते, साहेब."

"मळीपुरतं कबूल म्हणालीस."

"न्हाई. मोठी आई सांगेल ते कबूल म्हणले. त्यातलं मला गोड लागलं तेवढंच घ्यायचं हुतं, तर तिला कशाला आणली?"

वकील काही बोलले नाहीत. तडजोडीची पुरसीस त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली. मळीच्या तीन एकरांतला दीड एकर आणि विहिरीचा निम्मा हिस्सा पुतणीचा. माळावरचा दावा सोडला.

ज्याच्या हातात खरा कागद आहे त्याला कोर्ट जमीन देतं, आणि तसंच व्हायला हवं. तो जुना फेरफार सापडला नसता, तर गोष्ट इथवर आलीच नसती. पण दाव्याचा निकाल लागला म्हणून दोन घरांतलं वैर संपतं असं नाही. अपील असतं, अपिलावर अपील असतं, आणि आयुष्य तेवढं पुरत नाही. बापाजीनं आणि या पुतणीनं जिंकायची खात्री कुठं आहे हे शोधलं नाही. जिथं हरलो तरी मान्य करू, असं ठिकाण त्यांनी शोधलं, आणि ते दोघांनाही समोरच्याच्या अंगणात सापडलं. बापाजीच्या पदरात तिथं काहीच पडलं नाही, पुतणीच्या पदरात अर्धं पडलं. हा फरक नशिबाचा म्हणा, कागदांचा म्हणा.

तडजोडीवर हुकूमनामा झाला. शेतजमिनीची वाटणी म्हणून प्रकरण कलेक्टरकडं गेलं, तिथून खाली उतरलं, मोजणीची तारीख पडली. भूमापक आला. हद्दीच्या खुणा रोवल्या. तलाठ्यानं फेरफार धरला, नोटिसा काढल्या. मुदतीत कुणाची हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यानं नोंद मंजूर केली. सातबाऱ्यावर धाकट्याच्या लेकीचं नाव लागलं. यात आणखी वर्ष गेलं, पण त्या वर्षात भाऊबीज झाली.

तासगावला राहून कृष्णाकाठचा ऊस कसा बघणार? पुतणीनं आपला दीड एकर भावालाच निमपट वाट्यानं करायला दिला. या खेपेला मात्र स्टँप पेपर आणून, एका सालापुरता करार करून, खाली दोघांच्या सह्या आणि साक्षीदार घालून. एक प्रत तिनं पिशवीत टाकली. भावानं दुसरी घरातल्या ट्रंकेत ठेवली. मोठी आई म्हणाली, "बरं केलंत. मी काय कायमची हाय व्हय?"